दर आठवड्याला पंक्चर? टायर बदलण्याआधी ट्यूबचं भोक बघा

पहिलं पंक्चर नशिबावर सोडून दिलं. दुसऱ्याला रस्त्याला शिव्या घातल्या. तिसऱ्याला ट्यूब नवी टाकली. चौथं त्या नव्या ट्यूबलाच झालं, पाषाणमध्ये, भर पावसात, साडेनऊच्या मीटिंगला वीस मिनिटं उरलेली असताना. अकरा दिवसांत चार पंक्चर आणि चारही मागच्या चाकाला.

मी पुण्यात वारजे ते बाणेर सायकलने जाते. बायपासच्या सर्व्हिस रोडने चांदणी चौक, पुढे बावधन, पाषाण आणि बाणेर. जाऊन-येऊन साधारण पंचवीस किलोमीटर. सायकल साधी हायब्रीड, चाकं ७०० सी, टायर तिच्यासोबत आलेलेच. चौथ्या पंक्चरच्या रात्री मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. फोनवर पंक्चरप्रूफ टायर शोधले आणि जो सगळ्यात जाड आणि सगळ्यात महाग दिसला तो मागवायला निघाले. नवऱ्याने विचारलं, "तेवढ्यात रिक्षा किती दिवस येईल?" हिशोब केला, गप्प बसले आणि सकाळी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली.

काकांनी ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले. इथवर नेहमीचंच. पण पुढे त्यांनी जे केलं ते आधीच्या तीन वेळेला कुणीच केलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ट्यूब टायरमध्ये जशी बसते तशी टायरच्या शेजारी धरली, वाल्व वाल्वच्या जागी, आणि भोकासमोर टायरचा जो भाग आला तिथे आतून कापसाचा बोळा फिरवला. अंगठा नाही, कापूस. एका जागी कापसाचा तंतू अडकला. काकांनी टायर तिथे उलटा वाकवला, जुनी नेलकटर काढली आणि काहीतरी ओढून माझ्या तळहातावर ठेवलं. केसाहून जरा जाड, जेमतेम चार मिलिमीटरची तार. बाहेरून टायरवर साधा ओरखडाही दिसत नव्हता.

"हिला तुम्ही अकरा दिवस पोसली, ताई."

चारही पंक्चर त्या एका तारेची होती. दर वेळी ट्यूबला ठिगळ लागत होतं, नाहीतर ती बदलली जात होती, आणि तार टायरमध्येच राहत होती. रिकाम्या सायकलवर ती दबूनच असायची. मी बसले, खड्ड्यातून गेले की टोक आत यायचं. अशा वेळी हजारो रुपयांचा टायर घेतला असता तर पंक्चर थांबली असती हे खरं, पण ती टायरच्या गुणामुळे थांबली असं समजून मी आयुष्यभर चुकीचा सल्ला देत फिरले असते.

म्हणून आधी भोकाबद्दल लिहिते. टायरचं नंतर.

भोक कुठे आहे?

टायर चढवताना एक सवय लावून घ्या: टायरच्या कडेवर कंपनीचं नाव जिथे ठळक छापलेलं असतं तो भाग बरोबर वाल्वपाशी आणून बसवायचा. दिसायला छान म्हणून नाही. पुढच्या वेळी ट्यूब बाहेर आली की ती टायरशी नेमकी जुळवता येते आणि ट्यूबच्या भोकावरून टायरमधली जागा सापडते. ट्यूब काढताना तिची कुठली बाजू डावीकडे होती तेवढं लक्षात ठेवायचं, नाहीतर खडूने खूण करायची.

भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काहीतरी घुसलेलं आहे. काच, काटा, तार, खिळा. ती वस्तू हातात आल्याशिवाय चाक पुन्हा चढवायचं नाही, हा माझ्या घरचा नियम झाला आहे. काच मिळाली नाही तर टायरवरचा प्रत्येक काप दोन अंगठ्यांनी उघडून बघा. काचेचा तुकडा रबरात बसून राहतो आणि फिरत्या चाकाबरोबर रोज कणकण आत सरकतो.

या बाहेरून घुसणाऱ्या मंडळींचेही ऋतू आणि इलाखे असतात. महामार्गाच्या कडेने जाणाऱ्यांना तार. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला की त्याच्या चिंध्या कडेला पडतात, गाड्यांखाली चेचल्या जातात, रबर जातं आणि तारांचे बारीक तुकडे उरतात. वारज्यापासून पुढे बायपासला लागून ज्यांना रोज जायचं आहे त्यांनी हा शत्रू गृहीत धरावा. टेकडीच्या बाजूने, मोकळ्या प्लॉटच्या कडेने जाणाऱ्यांना बाभळीचे काटे आणि सराटे. सराटा पावसाळ्यात जमिनीलगत पसरतो, पिवळी फुलं येतात तेव्हा गोड दिसतो, आणि दिवाळीच्या सुमाराला वाळला की त्याची फळं कशीही पडली तरी एक काटा वरच असतो. काच वर्षभर सापडते, पण पावसात जास्त लागते, कारण ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. शिवाय पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळा कचरा रस्त्याच्या डाव्या कडेला येऊन साचतो. आपण सायकलवाले नेमके तिथूनच जातो, भित्रेपणाने, गटाराला चिकटून. कडेपासून पाऊण-एक मीटर आत चालवायला लागले तेव्हा माझी पंक्चर जेवढी कमी झाली, तेवढी नव्या टायरनेही झाली की नाही सांगता येणार नाही. मागून हॉर्न वाजतात. वाजू देत.

दोन भोकं शेजारी-शेजारी, सापाने चावा घेतल्यासारखी? मग काही घुसलेलं नाही. चाक खड्ड्याच्या धारेवर किंवा स्पीडब्रेकरवर आदळलं आणि ट्यूब रस्ता आणि रिमच्या दोन कडा यांच्यामध्ये चिमटली. दोष हवेचा: कमी होती. सिमेंटचा रस्ता संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी, चेंबरचं खोल गेलेलं झाकण, ही याची खास ठिकाणं. इथे पंक्चरप्रूफ टायरचा काडीचा उपयोग नाही, कारण मार आतून बसतो.

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर टायरला हातही लावू नका. रिमची पट्टी सरकली असेल, आणि स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या निपलचं भोक उघडं पडलं असेल. स्वस्त रबरी पट्टी उन्हाने ताणली जाते आणि सरकते. कापडी चिकट पट्टी लावली की प्रश्न कायमचा मिटतो. एखादा स्पोक बदलला असेल तर त्याचं टोक निपलमधून वर आलं आहे का, बोट फिरवून बघा. ते कानशीने घासून सपाट करतात.

वाल्वच्या मुळाशी फाटत असेल तर दोन शक्यता. हवा कमी असताना ब्रेक लावला की टायर रिमवर किंचित सरकतो, ट्यूबही त्याच्यामागे ओढली जाते आणि वाल्व तिरका होतो. किंवा रिमचं भोक जाड वाल्वसाठी पाडलेलं आहे आणि ट्यूब बारीक वाल्वची टाकली आहे. जाड, मोटरसायकलसारखा वाल्व साधारण साडेआठ मिलिमीटरच्या भोकात बसतो, बारीक प्रेस्टा वाल्व साडेसहाच्या. उरलेल्या फटीच्या धारेवर ट्यूब घासून फाटते. दुकानात छोटी रबरी किंवा धातूची बुशी मिळते, ती घालायची.

आणि एक असं पंक्चर जे पंक्चर नसतंच. काळ्या उभ्या सायकलींच्या जुन्या वाल्वमध्ये बारीक रबरी नळी असते, वाल्व ट्यूब. ती तडकली की रात्रीत हवा उतरते, आणि माणूस घमेल्यात ट्यूब बुडवून तासभर बुडबुडे शोधत बसतो. आमच्या आबांनी याच कारणावरून एक चांगली ट्यूब फेकली होती. वाल्वच्या तोंडाला थुंकी लावून बघायची, फुगा आला की नळी बदलायची. दोन मिनिटांचं काम.

उन्हात टायर फुटतो का?

हे मला इतक्यांनी विचारलं आहे की वेगळं लिहावं लागतंय. सावलीत ६० पीएसआय (पंपाच्या मीटरवरचं हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा चैत्रातल्या उन्हात तापून फार तर सात-आठने वाढते. तेवढ्याने धडधाकट टायर फुटत नाही. फुटतो तो कडेला फाटलेला, किंवा नीट न बसलेला, किंवा ब्रेकचं रबर घासून कड झिजलेला. उन्हाने दुसरीच गोष्ट होते: घाईत लावलेलं ठिगळ सुटतं. सोल्यूशन लावून ते पुरतं सुकायच्या आत पॅच दाबला की तो महिनाभर टिकतो आणि एप्रिलमध्ये पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सोडून देतो. ट्यूब घासून खरखरीत करायची, सोल्यूशन पातळ लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, चकाकी गेली की मग पॅच. फुंकर मारून घाई करायची नाही, तोंडातला ओलावा लागतो.

हवा किती?

टायरच्या कडेवर छापलेला आकडा म्हणजे त्याच्या पुढे जाऊ नका असं सांगणारी मर्यादा. तेवढी भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. पंपावरचा मुलगा मात्र तो आकडा वाचून तिथवर नेतो, आणि मग सायकल प्रत्येक खडीवर उडते, ओल्या वळणावर सुटते.

सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला, पाठीवर लॅपटॉप धरून, माझा अंदाज असा: २८ मिलिमीटर रुंद टायरला मागे ७५ ते ८०, ३२ ला ६० ते ६५, ३५ ला ५० ते ५५ पीएसआय. पुढे यापेक्षा दहा कमी, कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो. तुम्ही नव्वद किलोचे असाल तर वाढवा, पन्नासचे असाल तर कमी करा. पावसाळ्यात मी दोन्हीकडे पाच-पाच कमी ठेवते.

अंगठ्याने दाबून हवा बघणं सोडा. अरुंद टायर चाळीसला आणि साठला अंगठ्याला सारखाच कडक लागतो. मीटर असलेला उभा पंप घरात हवाच. ट्यूब रबरी असल्यामुळे पंक्चर नसतानाही थोडी हवा झिरपत जाते, म्हणून आठवड्यातून एकदा, माझ्याकडे रविवारी दुपारच्या झोपेआधी. पेट्रोलपंपावरची हवा टाळा: तिथला कॉम्प्रेसर गाडीच्या टायरसाठी असतो, सायकलच्या चिमूटभर जागेत हवा क्षणात मर्यादेबाहेर जाते.

घसरण्याचं काय?

पंक्चरचा छडा लागला, पण त्याच पावसाळ्यात मी एकदा आडवीही झाले. पाषाणच्या सिग्नलला, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर, ब्रेक दाबला आणि मागचं चाक उजवीकडे निघून गेलं. गुडघा, कोपर आणि अब्रू. सिग्नलला उभ्या असलेल्या एका काकांनी हेल्मेटच्या आतून निदान सांगितलं: "मॅडम, टायर गोटा झालाय. नक्षीचा घ्या."

चूक. म्हणजे टायर झिजला होता हे खरं, पण नक्षीचं खरं नाही, आणि या एका गैरसमजापायी पुण्यात हजारो लोक रस्त्यावर जाड गुठळ्यांचे एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकलचे टायर फिरवत घरघर आवाज करत जातात.

कारच्या टायरला खाचा लागतात कारण तो रुंद आणि सपाट असतो. वेगात त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो आणि गाडी तरंगते. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि कारच्या दुप्पट हवेचा. पाणी आपोआप दोन्हीकडे ढकललं जातं. ६० पीएसआयवर सायकल पाण्यावर तरंगायची तर तासाला शंभर किलोमीटरच्या वर वेग लागेल. तो चांदणी चौकाच्या उतारावरही कुणाला मिळत नाही. तेव्हा डांबरावर, कोरड्या काय नि ओल्या काय, जितकं रबर रस्त्याला टेकतं तितकी पकड. गुठळ्यांच्या टायरचं अर्धं रबर हवेत असतं, आणि वळताना गुठळ्या वाकतात. चिखलात त्या रुततात म्हणून कामाच्या. लक्ष्मी रोडला रुतायला काही नाही.

पकड ठरते ती रबराच्या जातीवर, हवेवर, रुंदीवर आणि वयावर. मऊ रबर धरून ठेवतं, लवकर झिजतं. टणक रबर वर्षानुवर्षं चालतं आणि ओल्यात साबणासारखं वागतं. अगदी स्वस्त टायर टिकाऊ वाटतात ते पुष्कळदा याच टणकपणामुळे. नख रोवून बघा: रबर किंचित दबून परत आलं पाहिजे. प्लॅस्टिकच्या बादलीसारखं वाटलं तर ठेवून द्या. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर वाकवला की कडेला केसासारख्या भेगा दिसतात. तो फुकट दिला तरी नको.

आणि काही जागा अशा आहेत की तिथे जगातला कुठलाही टायर धरत नाही. रस्त्यावरचे जाड रंगाचे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेल्या पोलादी प्लेट, सायकल ट्रॅकच्या पेव्हर ब्लॉकवर श्रावणात धरलेलं शेवाळ, मे महिन्याच्या शेवटी गुलमोहराखाली पडलेला पाकळ्यांचा लाल राडा. सगळ्यात वाईट म्हणजे वळवाच्या पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास: आठ महिन्यांचं सांडलेलं तेल, टायरची झीज आणि धूळ यांचं पीठ मळून वर येतं. दोन-चार दणदणीत सरींनी रस्ता धुतला गेला की मग बरा होतो. अशा जागी सायकल सरळ ठेवायची, ब्रेक आधीच लावून घ्यायचा, त्या पट्ट्यावर ब्रेक सोडलेला. मी पट्ट्यावरच ब्रेक लावला होता, म्हणून पडले.

आता टायर

भोकं वाचून झाली, हवा ठीक झाली, तरीही बाहेरून काही ना काही घुसतंच आहे, अशी खात्री झाली की मग पैसे काढा. मला तारेचा प्रश्न होता, आणि त्यावरूनच टायर ठरला.

टायरमधलं संरक्षण ढोबळमानाने दोन तऱ्हेचं. एक म्हणजे नक्षीखाली घट्ट विणीच्या कापडाची पट्टी, नायलॉनची, केव्हलारची किंवा तसल्याच मजबूत धाग्याची. वजन जवळपास वाढत नाही, काचेचे तुकडे चांगले अडतात. कॉन्टिनेंटलचे गेटरस्किन किंवा ग्रां प्री फोर सीझन या जातीचे. पण बारीक तार विणीच्या दोन धाग्यांमधून सुईसारखी जाते. दुसरी तऱ्हा म्हणजे जाड, लवचीक रबराचा थर. तो काही अडवत नाही, फक्त अंतर वाढवतो: चार मिलिमीटरची तार पाच मिलिमीटरच्या गादीत घुसली तरी ट्यूबपर्यंत पोचत नाही. श्वाल्बेच्या मॅरेथॉनमध्ये हा थर तीन मिलिमीटरचा असतो, मॅरेथॉन प्लसमध्ये पाचचा. त्यावर नक्षीचं रबर वेगळं.

मग प्लसच का नाही घेतला? दुकानात हातात घेऊन बघितला. एकेक टायर पाऊण किलोच्या आसपास किंवा वर, कड लाकडासारखी ताठ. चांदणी चौकाचा चढ मला रोज चढायचा आहे. आणि हा टायर रस्त्याच्या कडेला, पावसात, एकटीने रिमवर चढवणं हा वेगळा व्यायाम आहे. मी साधा मॅरेथॉन घेतला, ३२ चा. ज्याचा रस्ता सपाट आहे, वजन जास्त आहे, कॅरिअरवर पोरगं किंवा डबे आहेत, त्याने प्लस घ्यावा आणि पंक्चर हा शब्द विसरावा. हडपसरहून मगरपट्ट्याला जाणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने तसंच केलंय.

रोज पाच-सात किलोमीटर, शहरातल्या शहरात, साधी सायकल असेल तर परदेशी टायरची गरजच नाही. लुधियानाच्या राल्सनसारख्या देशी कंपन्यांचे ताज्या मालातले टायर, योग्य हवा आणि चांगली रिमपट्टी एवढ्यावर वर्षं निघतात. परदेशी टायरच्या किमतीत त्यांच्या कितीतरी जोड्या येतात.

खोक्यावरच्या बाकीच्या शब्दांनी दबून जाऊ नका. फोल्डिंग म्हणजे टायरच्या कडेत तारेऐवजी धागा. वजन कमी, किंमत जास्त, पंक्चरशी संबंध नाही. टीपीआय म्हणजे इंचात किती धागे. आकडा मोठा म्हणजे टायर मऊ आणि सुळसुळीत. टिकाऊ असेलच असं नाही, बहुधा उलटच. कडेवर चमकणारी पट्टी असेल तर मात्र जरूर घ्या. संध्याकाळी आडव्या गल्लीतून निघणाऱ्या रिक्षेला तुमचा मागचा लाल दिवा दिसत नाही, ती दोन चमकती वर्तुळं दिसतात.

माप चुकवू नका

इथे दुकानदारही चुकतात. "२६ चा द्या" म्हणून टायर आणू नका. टायरच्या कडेवर लहान अक्षरांत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ३२-६२२. पहिला रुंदी, दुसरा रिमचा बसण्याचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. ७०० सी आणि एमटीबीवाल्यांचा २९ इंच हे दोन्ही ६२२. साडेसत्तावीसचा ५८४. एमटीबीचा २६ इंच ५५९, आणि जुन्या लेडीज सायकलचा २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश हा ५९०. दोघांनाही लोक सव्वीसच म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. दूधवाल्यांची काळी अठ्ठावीस इंची सायकल ६३५ ची, ७०० सीचा टायर तिला लहान पडतो.

पहिल्या आकड्यात थोडी मोकळीक असते. माझ्या जुन्या टायरपेक्षा चार मिलिमीटर रुंद बसला. रुंद घेताना फोर्क (चाक धरणारा चिमटा), ब्रेक आणि मडगार्ड यांच्यात जागा आहे का ते बघा: पाच नंबरची ॲलन की टायर आणि फोर्कच्या मध्ये सगळीकडून सहज गेली पाहिजे. नाहीतर पावसात चिखल अडकून चाक जाम होतं. रेसर सायकलींच्या ब्रेकमध्ये २५ किंवा २८ च्या पुढे बहुधा जागा नसते. २६ इंची एमटीबीवाल्यांसाठी सोपा उपाय: गुठळ्या काढून दीड किंवा पावणेदोन इंची गुळगुळीत टायर टाका. सायकल नवी घेतल्यासारखी वाटते, निम्मा आवाज तर पहिल्याच दिवशी जातो.

दोन्ही टायर एकदम परवडत नसतील तर नवा पुढे घाला. लोक मागे घालतात, कारण पंक्चर मागे जास्त होतात आणि झीजही मागेच. पण मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की थेट जमीन. म्हणून पुढचा चांगल्या स्थितीतला टायर मागे न्यायचा आणि नवा पुढे.

चढवताना

जाड थराचे टायर चढवताना शेवटची वीतभर कड जाता जात नाही आणि मग माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेतो. घेऊ नका, ट्यूब तिथेच चिमटते आणि नवं कोरं पंक्चर घरीच तयार होतं. युक्ती अशी: सुरुवात वाल्वच्या विरुद्ध बाजूने करायची आणि शेवट वाल्वपाशी. अधूनमधून दोन्ही हातांनी टायर सगळीकडून चिमटत कडा रिमच्या मधल्या खोल भागात ढकलायच्या. तिथे व्यास कमी असल्याने शेवटी सैलपणा मिळतो. ट्यूबमध्ये आधीच फुंकभर हवा ठेवायची म्हणजे ती वळत नाही. टायरच्या आत टाल्कम पावडर भुरभुरली की ट्यूब चिकटत नाही. हवा वीसपर्यंत भरून थांबा आणि कडेवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते चाक फिरवून बघा. एका जागी बुडाली असेल तर हवा सोडा, हाताने मळा, पुन्हा भरा.

टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लॅस्टिकची पट्टी मी एकदा वापरली. काटे अडले, पण पट्टीच्या टोकाने दोन महिन्यांत ट्यूबच घासली गेली. टोकं घासकागदाने पातळ करून घातली तर बरी चालते म्हणतात. मी पुन्हा प्रयोग केला नाही. ट्यूबमध्ये ओतायचं, भोक आतून बुजवणारं सीलंट काट्यांच्या रस्त्याला छान, रुंद आणि कमी हवेच्या टायरमध्ये तर फारच. पण आपल्या उन्हाळ्यात ते काही महिन्यांत सुकतं, पुन्हा भरावं लागतं, आणि ज्या ट्यूबमधून ते बाहेर आलं तिला ठिगळ लावायला काका तयार होत नाहीत. "आधी ती खीर पुसून आणा," म्हणतात.

टायर कधी संपला? मागचा टायर समोरून बघा. गोलाई जाऊन मधोमध सपाट पट्टा दिसायला लागला की दिवस मोजायला घ्या. काही टायरवर झीज दाखवणारे बारीक खड्डे असतात, ते बुजले की संपला. आतलं कापड दिसलं तर त्याच दिवशी बदला. मध्येच मोठा काप पडला आणि ट्यूब फुग्यासारखी बाहेर यायला लागली तर आतून जुन्या टायरचा तुकडा, नाहीतर चौपदरी घडी घातलेली दहाची नोट लावून घरी पोचता येतं. मी नोटेवर सूसहून वारज्यापर्यंत आले आहे.

नवे टायर टाकून चौदा महिने झाले. दर रविवारी हवा भरायच्या आधी चाक हळू फिरवते आणि कापांमध्ये बसलेली खडी, काच पेनच्या टोकाने उकरून काढते. चहा गार होईपर्यंत दोन्ही चाकं होतात. या काळात एकच पंक्चर, तेही फर्निचरच्या दोन इंची खिळ्याने. खिळा टायरमधून आरपार जाऊन रिमच्या पट्टीत रुतला होता. काकांनी तो काढून डब्यात टाकला, आणि तार शोधायला म्हणून ठेवलेला कापूस परत खिशात घातला.